नायब जागा आहे काय?

पेण तालुक्यातील जिते, हमरापूर, जोहे, कळवे या गावांतून गणपतीच्या मूर्ती साऱ्या महाराष्ट्रात आणि परदेशातही जातात, हे वाचक जाणतातच. अलीकडे मूर्तीच्या अंगावर रंगाने धोतर न काढता खरे कापड नेसवण्याची, डोक्याला खरा फेटा बांधण्याची पद्धत वाढली आहे. त्यामुळे आमच्यासारख्या कापडवाल्याला जिते येथे एक नवे गिऱ्हाईक मिळाले. भिवंडीहून ग्रे माल उचलायचा, प्रोसेस हाऊसकडून पिवळा, भगवा, राणी अशा रंगांत रंगवून घ्यायचा आणि येथील कारखान्यांना पोहोचता करायचा. (मूर्ती घडवण्याच्या जागेला येथे कारखानाच म्हणतात.) माल थोडा, पण व्यवहार रोखीचा आणि तारखेचा. तारीख चुकली तर पुढची तारीख थेट पुढच्या वर्षी.

दोन वर्षांपूर्वी ही तारीख आमच्याकडून चुकली. जिल्ह्याबाहेरच्या एका एमआयडीसीतील प्रोसेस हाऊसकडे आमचे बावीस ताके पिवळ्या रंगासाठी पडले होते. सकाळी सुपरवायझरचा फोन आला, "शेठ, लॉट पट्टेदार आलाय." आम्ही जाऊन पाहिले. कुठे हळदीसारखा पिवळा, कुठे लिंबासारखा, मध्येच पांढुरके ओघळ. गणपतीला नेसवण्याजोगा एक वारही नव्हता. पुन्हा रंगवायला वेळ नव्हता. कारखानदारांनी दुसरीकडून मिळेल ते कापड घेतले आणि पुढच्या वर्षी आम्हाला ऑर्डर देताना आधीच्या निम्मीच दिली. मालाचे नुकसान आम्ही सोसले असते. जित्याच्या माणसाने आमच्याकडे पाहून नुसती मान हलवली, ते सोसवले नाही.

हे का झाले, ते समजून घेण्यात आमचे बरेच दिवस गेले. वयाच्या पन्नाशीनंतर नवे शास्त्र शिकावे लागेल असे वाटले नव्हते. परंतु जे कळले ते आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंच्या उपयोगाचे आहे, म्हणून येथे मांडतो.

हल्लीच्या रंगाई कारखान्यात रंगाची खोली वेगळी आणि जेट मशीन वेगळे. कोणत्या मशीनला कधी किती रंग, किती मीठ, किती सोडा सोडायचा हे रंगाच्या खोलीतला संगणक सांगतो. पण संगणकाची भाषा एक आणि प्रत्येक मशीनच्या कंट्रोलरची बोली दुसरी. जुने मशीन एक बोलते, नवे मशीन भलतेच. मध्ये दुभाष्या लागतो. हा दुभाष्या म्हणजे कपाटात बसवलेली वहीएवढी एक पेटी. तिला गेटवे म्हणतात. दुभाष्या गप्प झाला तर संगणक ओरडत राहतो आणि मशीन बहिरे होते. त्या रात्री नेमके तेच झाले. कपडा फिरत राहिला, पाणी गरम राहिले, आणि सोड्याचा डोस अर्ध्यावर थांबला. कॉटनवर रिअॅक्टिव्ह रंग सोड्यामुळेच पक्का बसतो. तो अर्धवट पडला की पट्टे येणारच.

आता गंमत अशी की या कारखान्यात गेटवे एक नव्हता, दोन होते. मालकाने खर्च करून जोडी बसवली होती. एक काम करील, दुसरा तयार राहील. पहिला गेला की दुसरा क्षणात कारभार उचलील. मालक आम्हाला मोठ्या अभिमानाने ते कपाट दाखवीत असत. दोन्हींवर हिरवा दिवा. त्या रात्री पहिला गेला आणि दुसरा उठलाच नाही. पुढे तपासात निघाले की दुसऱ्याची मशीनकडे जाणारी तार कित्येक महिन्यांपासून सुटलेली होती. हिरवा दिवा होता तो केवळ वीज चालू असल्याचा.

आमचे शिक्षण उर्दू शाळेतले. तेथे वर्गात एक मॉनिटर असे आणि एक नायब मॉनिटर. तहसिलीत नायब तहसीलदार असतो त्या अर्थाने नायब. आमच्या नायबाला वर्षभर काही काम नसे, त्यामुळे तो शाळेत आला की नाही याची चौकशी कोणी करीत नसे. मॉनिटर तापाने पडला त्या दिवशी कळले की नायब आठवडाभर मामाच्या गावी आहे. यंत्रांच्या जोडीचा रोग हाच आहे, आणि तो समजायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. मुख्य यंत्र बिघडले तर काम थांबते, म्हणून ते लगेच कळते. नायब बिघडला तर काहीच थांबत नाही, म्हणून कळत नाही. त्या दिवसापासून तुमच्याकडे दोन नसून एकच असतो, आणि तुम्ही मात्र दोन आहेत अशा भरवशावर झोपता. आमच्या मते हे एक असण्यापेक्षाही वाईट. एक असला तर माणूस निदान सावध राहतो.

तज्ज्ञ मंडळींना हे ठाऊक नाही असे नाही. जोडीतली यंत्रे एकमेकांना ठरावीक वेळाने "मी आहे" असा निरोप पाठवतात. त्याला ते हार्टबीट म्हणतात, म्हणजे नाडीच. मुख्याची नाडी काही ठोके लागली नाही की नायब कारभार हाती घेतो. वीज क्षेत्रात उपकेंद्राचे आकडे नियंत्रण केंद्राकडे नेण्यासाठी आयईसी ६०८७०-५-१०४ नावाची पद्धत वापरतात. आमच्या रोहा लाईनवर नागोठण्याला ४०० केव्हीचे उपकेंद्र आहे. राज्याच्या विजेचा तोल ऐरोलीच्या भार प्रेषण केंद्रातून सांभाळला जातो. अशा ठिकाणांमधला निरोप तुटून चालत नाही. म्हणून त्या पद्धतीत दोन जोडण्या उघड्या ठेवता येतात. माहिती एकीवरूनच जाते, पण रिकाम्या जोडणीवरूनही साधारणपणे दर २० सेकंदांनी चाचणीचा निरोप टाकायचा आणि १५ सेकंदांत उत्तर न आल्यास ती जोडणी मेली असे धरायचे, असा नियम आहे. म्हणजे बसलेल्या नायबालाही दर २० सेकंदांनी हाक मारली जाते. आणखी एक पद्धत आहे. तीत प्रत्येक निरोप दोन्ही रस्त्यांनी एकदमच पाठवतात आणि पलीकडचा जो आधी येईल तो ठेवून दुसरा टाकून देतो. यात तर एक रस्ता पूर्ण बंद पडला तरी काम क्षणभरही अडत नाही. म्हणूनच त्या पद्धतीत प्रत्येक यंत्राने दर दोन सेकंदांनी दोन्ही रस्त्यांवर हजेरीचा निरोप पाठवायचा असतो. हजेरी नसती तर मेलेला रस्ता वर्षानुवर्षे तसाच राहिला असता.

तेव्हा हाक मारण्याची सोय आहे. चुकते कुठे? आमच्या पाहण्यात तीन-चार जागा आल्या.

पहिली म्हणजे हाक अर्धीच मारली जाते. संगणकाने नायबाला विचारले, "आहेस का?" त्याने ओ दिली. पण त्याची पलीकडची, मशीनकडची तार सुटलेली असू शकते. दारावरून हाक मारली तर आतून ओ येते, आत चूल पेटली आहे की नाही ते कळत नाही. आमचा लॉट याच कारणाने गेला. नायबाने मशीनकडून ताजा आकडा स्वतः वाचून दाखवला पाहिजे, तरच तो जागा.

दुसरी म्हणजे नायबाची वही जुनी राहते. मुख्य गेटवेत नवे मशीन जोडले, रंगाचा नवा पत्ता भरला, नायबात भरायचे राहून गेले. त्याला गादी मिळते तेव्हा तो सहा महिन्यांपूर्वीच्या हिशेबाने राज्य करतो. दोन वह्यांचा ताळा दर बदलानंतर झाला पाहिजे. आपण रोजमेळ आणि खातेवही ताडून पाहतो, तसाच.

तिसरी उलटी आहे. मुख्य आणि नायब दोघेही ठणठणीत, पण त्यांच्यामधली नाडीची तार तुटली. नायबाला वाटते धनी गेला. तो गादीवर बसतो. धनी तर बसलेलाच आहे. एका मशीनला दोन मालक हुकूम देऊ लागतात. एका दुकानात दोन भाऊ एकाच गिऱ्हाइकाला दोन भाव सांगतात तेव्हा काय होते, ते वाचकांना सांगायला नको. यासाठी नाडीच्या तारा दोन वेगळ्या वाटांनी न्याव्या लागतात किंवा तिसरा पंच ठेवावा लागतो. तो सांगेल की गादी कोणाची.

आणि चौथी, सर्वांत साधी. दोन्ही यंत्रे एकाच प्लगवर, दोन्ही तारा एकाच नळीत. ही चूक आपल्यासारखे अडाणीच करतात असे कोणी समजू नये.

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी बंद पडला. देशातला सर्वांत मोठा शेअर बाजार. त्यांच्याकडे एक नव्हे, दोन टेलिफोन कंपन्यांच्या जोडण्या होत्या, त्याही अनेक. दोन्ही कंपन्यांच्या जोडण्या एकाच दिवशी बिघडल्या. पुढे बाजारानेच सांगितले की रस्त्यावरील खोदकाम व बांधकामामुळे हे घडले. जोखीम मोजणारी यंत्रणाही त्यात अडकली. व्यवहार पुन्हा सुरू झाले ते दुपारी पावणेचारला, आणि त्या दिवशी बाजार पाचपर्यंत चालवावा लागला. आपत्तीसाठी राखलेले दुसरे केंद्र असूनही व्यवहार तिकडे हलवले गेले नव्हते. म्हणजे नायब होता, पण त्याला गादीवर बसवण्याचा निर्णय झाला नाही. शेअर बाजाराशी आमचा काही संबंध नाही, पण एवढे मोठे घर जर कुदळीच्या एका घावाने बसत असेल तर आपण आपल्या दोन तारा कोठून जातात ते पाहिले पाहिजे.

त्यानंतर झाले ते मात्र अनुकरण करण्यासारखे आहे. सेबीने मार्च २०२१ मध्ये नियम कडक केले. बिघाडापासून अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करायची आणि तेथून ४५ मिनिटांत काम दुसऱ्या केंद्रावरून सुरू करायचे. पुढे २ मार्च २०२४ आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी शेअर बाजारांनी खास सत्रे भरवली. पहिले सत्र मुख्य केंद्रावरून, दुसरे सत्र पर्यायी केंद्रावरून, आणि तेही खऱ्या व्यवहारांचे. सर्वांसमोर नायबाला गादीवर बसवून दाखवले. आम्हाला ही गोष्ट कागदावरच्या दहा प्रमाणपत्रांपेक्षा मोलाची वाटते.

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळही मुंबईकर विसरलेले नाहीत. दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. मुंबईला वीज आणणाऱ्या मोठ्या वाहिन्या एका क्षणात गेल्या नव्हत्या. काही आधीच बंद पडल्या होत्या किंवा बंद ठेवल्या होत्या. उरलेल्यांवर भार आला आणि त्याही गेल्या. अशा वेळी शहराला बाकीच्या जाळ्यापासून बेटासारखे वेगळे करून चालू ठेवण्याची योजना होती. त्या दिवशी तीही टिकली नाही. यामागे परक्यांचा सायबर हल्ला होता की काय यावर पुढे बरीच चर्चा झाली. तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक असल्याचे सांगितले, राज्याच्या मंत्र्यांनी घातपाताचा संशय व्यक्त केला. तो वाद बाजूला ठेवू. आमच्या कामाची गोष्ट एवढीच की जोडीतला एक आधीच आडवा असताना दुसऱ्यावर पूर्ण विसंबले की त्याची किंमत सारे शहर देते.

त्याच वर्षी ३ जून रोजी "निसर्ग" वादळाने आमचा रायगड जिल्हा झोडपला. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडील आपल्या कित्येक बांधवांच्या खिशात दोन कंपन्यांची दोन सिमकार्डे होती. दोन्ही मुकी झाली. टॉवर वेगळे असतील, कंपन्या वेगळ्या असतील, पण विजेचे खांब तेच होते आणि ते आडवे पडले होते. आखातातून घरी फोन लावणाऱ्या मुलांना आई-बापाचा आवाज ऐकायला किती दिवस थांबावे लागले, ते त्यांनाच विचारा.

दुकानदारीतही हेच चालले आहे. काउंटरवर दोन अॅपचे दोन क्यूआर कोड लावले की आपण निर्धास्त होतो. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआयच कोलमडले तेव्हा दोन्ही चौकोन सारखेच निरुपयोगी ठरले, कारण दोन्हींच्या मागचा रस्ता एकच. त्या दिवशी गल्ल्यात सुटे पैसे असणारा दुकानदार शहाणा ठरला. इन्व्हर्टरची बॅटरी, जनरेटरचे डिझेल, दुसऱ्या कंपनीचे इंटरनेट, सगळ्यांची तीच कथा. वीज गेल्यावर इन्व्हर्टर तपासणारा माणूस अंधारात तपासतो.

यावर प्रोसेस हाऊसवाल्यांचे म्हणणे आम्ही ऐकले आहे, आणि ते टाकाऊ नाही. ते म्हणतात, चालू कामात मुद्दाम मुख्य यंत्र बंद करून पाहायचे म्हणजे सुखात असलेल्या जिवाला घोर लावून घेणे. चाचणीतच लॉट गेला तर? आणि तुम्ही कापडवाले, तुम्ही कापड पाहा, आमच्या कपाटात कशाला डोकावता?

पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. भरल्या मशीनवर चाचणी करा असे कोणीच म्हणत नाही. एक लॉट उतरला आणि दुसरा चढायचा आहे, मशीनमध्ये नुसते पाणी आहे, सकाळचे दहा वाजले आहेत, इलेक्ट्रिशियन हजर आहे, अशा वेळी मुख्याची तार काढा. नायब उठला नाही तर चहा पिऊन तो का उठला नाही ते शोधता येईल. रात्री दोनला तो न उठण्यापेक्षा हे बरे.

दुसऱ्या म्हणण्याबद्दल मात्र आमचा वाद आहे. जॉबवर्कच्या चलनामागे बारीक अक्षरांत छापलेले असते की माल खराब झाल्यास जबाबदारी फक्त रंगाईच्या मजुरीपुरती. कापड आमचे, सूत आमचे, सीझन आमचा, आणि भरपाई मजुरीची! ज्याच्यावर नुकसान पडते त्याला कपाटात डोकावण्याचा हक्क आहे. आपण दुधात पाणी आहे की नाही ते पाहतो, कापडाचा पन्ना आणि पिक मोजून घेतो. मग "आमच्याकडे दोन आहेत" हे एक वाक्य मात्र न मोजता का घ्यावे? आम्ही तर म्हणू की ग्रे माल उतरवण्यापूर्वी व्यापाऱ्याने एकच प्रश्न विचारावा: नायब शेवटचा कधी चालला होता? तारीख सांगता आली तर ठीक. "गरजच पडली नाही" असे उत्तर आले तर समजावे की एकच आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या व्यापारी संघटनांनी ही अट चलनात घालून घेतली तर एकट्या माणसाला भांडावे लागणार नाही. लहान व्यापाऱ्याने विचारले तर मालक हसतो. पन्नास जणांनी विचारले तर हसणार नाही.

त्याच प्रोसेस हाऊसच्या मालकांशी आमचे संबंध तुटलेले नाहीत. वर्षानुवर्षांचा व्यवहार आहे आणि माणूस सरळ आहे. यंदा माल देण्यापूर्वी आम्ही त्यांना म्हणालो, "भाई, आमच्यासमोर तार काढा." त्यांनी थोडे आढेवेढे घेतले, पण मशीनमध्ये पाणी भरून मुख्याची वीज काढली. चार सेकंदांत नायबाने कारभार उचलला. डोस मध्ये अडला नाही. आम्ही खूश झालो.

मग आम्ही म्हटले, "आता मुख्य चालू ठेवा आणि नायबाची मशीनकडची तार काढा." काढली. पाच मिनिटे झाली, दहा झाली. कुठे घंटा नाही, कुठे लाल दिवा नाही. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शोध घेता कळले की नायब बिघडल्याचा निरोप जात होता, अगदी वेळेवर जात होता, पण तो दीड वर्षापूर्वी नोकरी सोडून गेलेल्या इंजिनिअरच्या मोबाइलवर. त्या बिचाऱ्याने तो नंबरही बदलला असेल. मालकांनी तेथेच नंबर बदलून घेतला, शिवाय रंगाच्या खोलीत एक भोंगा बसवायला सांगितले, आणि कपाटाच्या दारावर एक वही टांगली. तीत दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कोणी तार काढली, किती सेकंदांत नायब उठला, सही कोणाची, एवढेच लिहायचे. आठवड्याने पुन्हा गेलो तेव्हा भोंगा इतका मोठ्याने वाजला की फोल्डिंगच्या बायका धावत बाहेर आल्या.

त्यानंतर आम्ही माल उतरवला, पण निम्माच. उरलेला निम्मा दुसऱ्या एका प्रोसेस हाऊसकडे द्यायचा आहे, कारण दोन गेटवे असले तरी कारखाना एकच. या दुसऱ्या मालकांनी तार काढून दाखवण्यासाठी येत्या शनिवारची वेळ दिली आहे. तोवर ते ताके आमच्या गोदामात आहेत, आणि जित्याहून रोज फोन येतो आहे.